खरी नक्कल

कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानामागं
हंचिनमनी सरांचं टेबल आहे.
टेबल म्हणजे जुन्या शिलाई मशिनचा पाट,
खालचा पायटा अजून शाबूत.
शब्द अडला की सर तो हलवतात
आणि काहीच शिवलं जात नाही.

मी फाईल उघडली.
जन्मदाखला कन्नड,
शाळा सोडल्याचा मराठी,
नर्सिंगची मार्कलिस्ट इंग्लिश.
"कुठं जाऊलीस?"
"जर्मनीला. म्हाताऱ्या माणसांच्या दवाखान्यात."
"मग हे आधी इंग्लिशमध्ये. मग बेंगळूरूचा शिक्का.
मग पुण्याला, तिथं जर्मन.
पानाला साडेतीनशे. घाई असली तर पाचशे."

मला कन्नड येतं. बाजारातलं, बसमधलं,
वॉर्डात "एल्लि नोवु" विचारण्यापुरतं.
दाखल्यातलं कन्नड निराळंच,
इस्त्री केलेलं, कुणाकडं न बघणारं.

सरांनी चष्मा कपाळावर नेला
आणि बाबांची तीन नावं
पाटावर ओळीनं मांडली.
जन्मदाखल्यात परसप्पा.
शाळेत परशराम.
पासपोर्टात परशुराम.
"ह्यातला खरा कुठला?"
"तिन्ही."
"असं नसतंय."
"दुरुस्त करून टाका ना सर,
कुठं एक उकार, कुठं एक प्पा."
"मी दुरुस्त करत नाही, बाळ. मी उतरवतो.
चूक असली तर चूकसुद्धा बरोबर उतरवायची."

एका कागदावर बेळगाव, दुसऱ्यावर बेळगावी.
त्याला मात्र
प्रतिज्ञापत्र लागत नाही म्हणे.

बाबा आले उद्यमबागेतून, फौंड्रीच्या कपड्यांत,
नखांत साच्याची काळी वाळू.
बॉण्डवर टाईप झालं होतं,
वरील तिन्ही नावांची व्यक्ती एकच असून.
बाबा म्हणाले, "व्हय की,
तिन्ही हाकांना मीच वळतोय."
मग मला हळूच,
"तू झालीस तवा खानापूरच्या दवाखान्यात
क्लार्कनं नाव विचारलं.
शिफ्टची गडबड, मी परसा म्हणालो.
प्पा त्यानंच लावला.
पेढा दिलता मी त्याला."

सही मराठीत केली.
कागदावर थोडी वाळू राहिली,
सरांनी फुंकर मारली नाही.

बाबांच्या डाव्या नडगीवर एक वण आहे.
माझ्या जन्माआधीचा.
कागदं मराठीतनं द्या, म्हणून चालले होते,
किती जण, कुठवर, सांगत नाहीत.
उन्हाळ्यातसुद्धा पायमोजे घालतात.

महिन्यानं पुण्याचं पाकीट आलं.
जाड कागद, गोल शिक्का,
आणि एवढा लांब शब्द जन्मदाखल्याला
की मी वाचताना दोनदा श्वास घेतला.
बाबांनी कागद उलटा केला, सुलटा केला.
"ह्यात मी कुठाय?"
मी बोट ठेवलं.
बराच वेळ त्यांनी बोटाखालचं बघितलं.
"मराठीतनं मागितलं," म्हणाले,
"आणि आलं बघ, जर्मनमधनं."
आई हसली. मीही. 
बाबा पाणी प्यायला आत गेले.

मूळ कागद आणायला आम्ही दोघं गेलो.
पैसे दिले, पावती घेतली,
तरी बाबा स्टुलावरून उठेनात.
"सर, तेवढा एकदा वाचून दाखवा की.
मराठीतनं."
हंचिनमनी सरांनी कागद हातात घेतला.
घरी ते कन्नड बोलतात, स्वप्नंही त्यातच पडत असतील.
सावकाश वाचू लागले,
मुलीचं नाव, वैजंता.
जन्म, ऑक्टोबरची तीन तारीख.
ठिकाण, सरकारी दवाखाना, खानापूर.
आईचं नाव, शांता.
वडलांचं नाव...
इथं ते थांबले, बाबांकडं बघितलं,
जे छापलंय तेच वाचलं. परसप्पा.
"हां," बाबा म्हणाले. हजेरी दिल्यासारखं.
शेरा, असं म्हणून सर पुढं गेले,
त्या रकान्यात आडवी रेघ होती.
तीही वाचली, "काही नाही."

"ह्याचे किती?" मी विचारलं.
पाटाखाली पायटा हलू लागला.
बाहेर झेरॉक्सवाला ओरडत होता,
कुणाची तरी मागची बाजू राहिली होती.